जोवाईची युनिटेरियन मंडळी: मिशनऱ्यावाचून उभ्या राहिलेल्या एका चर्चचं प्रकरण

भारतात युनिटेरियन मंडळी उभी करण्याचे तीन ठळक प्रयत्न झाले. पहिला मद्रासचा, 1795 सालचा. विल्यम रॉबर्ट्स हे नाव घेतलेला एक तमीळ माणूस नोकर म्हणून इंग्लंडात गेला, तिथे त्याच्या हाती युनिटेरियन पुस्तिका पडल्या आणि परत आल्यावर त्याने पुरसवाक्कम भागात तमिळमधून उपासना सुरू केली. दुसरा कलकत्त्याचा, 1821 सालचा. तिथे राममोहन रॉय होते, द्वारकानाथ टागोर होते, बंगालमधल्या श्रीरामपूरच्या बाप्टिस्ट मिशनमधून बाहेर पडलेले विल्यम ॲडम होते. पैसा, छापखाना, ओळखीपाळखी, कशाचीच वानवा नव्हती. तिसरा प्रयत्न 1887 सालचा, आजच्या मेघालयातल्या जोवाई गावातला. तिथे यातलं काहीच नव्हतं. सरकारी नोकरी करणारा, हाजॉम किसोर सिंह नावाचा बावीस वर्षांचा एक खासी तरुण होता आणि त्याला टपालाने आलेली काही पुस्तकं होती.

मद्रासची मंडळी आजही आहे, पण अगदी छोटी. कलकत्त्याच्या कमिटीचा गाशा सात वर्षांत गुंडाळला गेला आणि राममोहन रॉय 1828 मध्ये ब्राह्मो सभेकडे वळले. जोवाईच्या घरगुती बैठकीतून मात्र तीसहून अधिक मंडळ्या उभ्या राहिल्या. बहुतेक मेघालयात, काही आसामच्या कार्बी आंगलाँग भागात. सदस्यसंख्या दहा हजारांच्या आसपास सांगितली जाते. ज्या प्रयत्नाला सर्वांत कमी पाठबळ होतं तोच सर्वांत जास्त फळला. असं का झालं असावं, हा या प्रकरणाचा विषय.

युनिटेरियन म्हणजे काय, हे दोन ओळींत सांगतो, कारण आपल्याकडे हा शब्द विठ्ठल रामजी शिंदे यांच्या चरित्रात भेटतो आणि पुढे विसरला जातो. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा हे ख्रिस्ती त्रैक्य ही मंडळी मानत नाहीत. देव एकच, येशू थोर गुरू पण माणूस, आणि धर्माच्या बाबतीत शेवटचा शब्द ज्याच्या त्याच्या विवेकाचा. सोळाव्या शतकात ट्रान्सिल्व्हेनियात हा पंथ संघटित झाला, इंग्लंडात त्याने बराच छळ सोसला, आणि एकोणिसाव्या शतकात बॉस्टनच्या आसपास तो शिकल्यासवरल्यांचा प्रतिष्ठित धर्म बनला. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवावा. युनिटेरियन म्हटलं की अमेरिकेत वकील, प्राध्यापक, कवी डोळ्यांसमोर येतात. डोंगरातले शेतकरी येत नाहीत.

आता खासी डोंगरांकडे वळू. वेल्समधल्या कॅल्व्हिनिस्टिक मेथडिस्ट पंथाचा मिशनरी थॉमस जोन्स 1841 च्या जूनमध्ये सोहऱ्याला, म्हणजे चेरापुंजीला, पोचला. त्याआधी श्रीरामपूरवाल्यांनी बंगाली लिपीत खासी छापून पाहिलं होतं, पण ते लोकांच्या जिभेवर बसलं नव्हतं. जोन्सने रोमन लिपी घेतली, उच्चार वेल्श वळणाने बसवले, आणि खासी भाषा आजही त्याच लिपीत लिहिली जाते. पुढच्या चाळीस वर्षांत शाळा, दवाखाने, छापील पुस्तकं आणि चार सुरांत गायली जाणारी स्तोत्रं या डोंगरांत पसरली. मिशनचं हे काम मोठं होतं आणि ते नाकारण्यात अर्थ नाही. ज्या हाजॉम किसोर सिंह यांनी पुढे याच चर्चपासून फारकत घेतली, ते याच वातावरणात वाढले होते. त्यांचे भाऊ निसोर सिंह यांनी खासी-इंग्रजी शब्दकोश रचला, तोही या नव्या अक्षरओळखीच्या जोरावर.

पण शाळेबरोबर सिद्धान्तही आला. माणूस जन्मतः पापी, देवाने निवडलेले तेवढेच तरणार, बाकीच्यांना अनंत काळ नरक. पूर्वीच्या खासी धर्मात देव एक होता, निर्माता होता, त्याची मूर्ती नव्हती आणि देऊळही नव्हतं. रोजच्या व्यवहारात मात्र भुताखेतांची भीती होती. दुखणं आलं की अंडं फोडून शकुन पाहायचा, कोणता आत्मा रागावला ते ठरवायचं आणि कोंबडा किंवा बकरा कापायचा. मिशनने ही भीती घालवली आणि तिच्या जागी नरकाची भीती आणून बसवली, असं कोणा खासी माणसाला वाटलं असेल तर त्यात नवल नाही.

हाजॉम किसोर सिंह यांचा जन्म 15 जून 1865 चा. पंधरा वर्षांचे असताना ते मिशनच्या चर्चमध्ये गेले. पण येशूचे शब्द आणि चर्चमधलं प्रवचन यांचा मेळ त्यांना बसेना. देवावर प्रेम करा आणि शेजाऱ्यावर प्रेम करा, एवढं सांगणारा माणूस आपल्या आजी-आजोबांना कायमचं आगीत कसं टाकील, हा त्या वयाच्या मुलाला पडणारा अगदी साधा प्रश्न आहे. विशीच्या आतच त्यांचं मत ठरलं: देव एक आहे, प्रेमळ आहे, आणि अनंत नरकाची शिकवण येशूची नाही. असा विचार जगात आणखी कोणी करतं, हे त्यांना माहीत नव्हतं. कोणीतरी त्यांना सांगितलं की कलकत्त्याला एक अमेरिकन पाद्री राहतो, तो तुझ्यासारखंच बोलतो.

हा पाद्री म्हणजे चार्ल्स डॉल. त्यांची कथा चटका लावणारी आहे आणि थोडी गमतीशीरही. अमेरिकन युनिटेरियनांचे पहिले परदेशी मिशनरी म्हणून ते 1855 मध्ये कलकत्त्याला आले आणि 1886 मध्ये तिथेच वारले. मधल्या 31 वर्षांत त्यांनी शाळा चालवल्या, व्याख्यानं दिली, पुस्तकं वाटली. 1871 मध्ये तर ते स्वतःच केशवचंद्र सेन यांच्या ब्राह्मो समाजाचे सभासद झाले. दुसऱ्यांना आपल्यात आणायला आलेला माणूसच दुसऱ्यांत सामील झाला, म्हणून मायदेशी बऱ्याच भुवया उंचावल्या. कलकत्त्यात त्यांच्यामागे टिकणारी मंडळी उभी राहिली नाही. पण या खासी तरुणाचं पत्र आलं तेव्हा त्यांनी उत्तर लिहिलं आणि सोबत विल्यम एलरी चॅनिंग यांचं लेखन पाठवलं. चॅनिंग हे बॉस्टनचे प्रवचनकार, अमेरिकन युनिटेरियनांचे आद्य पुरुष म्हणावेत असे. आपण एकटे नाही, हे सिंह यांना त्या पुस्तकांतून कळलं. जे आधीच मनात होतं त्याला नाव मिळालं.

या क्रमाला मी या प्रकरणात फार महत्त्व देतो. विचार आधी झाला, पुस्तक नंतर आलं. कोणी मिशनरी डोंगर चढून गेला नव्हता. शाळेचं, नोकरीचं किंवा औषधाचं आमिष नव्हतं. डॉल 1886 च्या जुलैत गेले, म्हणजे पत्रव्यवहारही लवकरच थांबला. सामान्यपणे अशा वेळी काम बंद पडतं. इथे ते त्यानंतर सुरू झालं.

18 सप्टेंबर 1887 हा रविवार होता. त्या दिवशी सिंह यांच्या जोवाईतल्या घरात पहिली उपासना झाली. एक बाई आणि दोन पुरुष आले, असं मंडळीत सांगतात. जोवाई हे जैंतिया डोंगरांतलं मुख्य गाव, खासींच्याच जवळच्या पनार लोकांचं, मिंतदू नदीच्या वळणावर वसलेलं. पंचवीस वर्षांपूर्वी, 30 डिसेंबर 1862 रोजी, इंग्रजांविरुद्ध उठलेल्या उ कियांग नांगबा यांना याच गावात फाशी दिलं गेलं होतं. त्या उठावाला घरपट्टीसारख्या करांचं निमित्त होतं, आणि आपल्या धर्मात सरकार ढवळाढवळ करतं हाही राग होता. त्या वेळची पोरं 1887 मध्ये तिशीत होती. तेव्हा ‘बाहेरून आलेला धर्म’ या गोष्टीकडे जोवाईकर माणूस तटस्थपणे बघणं शक्यच नव्हतं. मिशनच्या लोकांना हे नवं खूळ पाखंड वाटलं आणि जुन्या धर्माच्या लोकांना हीसुद्धा ख्रिस्त्यांचीच भानगड वाटली. दोन्हीकडून बोलणी खात ही माणसं दर रविवारी जमत राहिली.

त्या बैठकीत होतं तरी काय? गाणं, प्रार्थना, वाचन, थोडं बोलणं, पुन्हा गाणं. आकृती चर्चचीच. सगळं खासीतून, आणि गाणी बरीचशी सिंह यांनी स्वतः रचलेली. उपासना कशी चालवावी याचं एक लहान पुस्तक आणि स्तोत्रांचा संग्रह हीच या मंडळीची पहिली मालमत्ता. श्रद्धेचं कलम म्हणावं तर तेही आटोपशीर होतं: देवाचं एकत्व, देवाचं पितृत्व आणि मातृत्व, माणसांचं बंधुत्व, प्रेम, एकोपा, उपासना आणि अमरत्व.

यातल्या मातृत्व या शब्दाला खासी संदर्भ आहे. खासी समाज मातृवंशी आहे. मुलं आईच्या कुळाची, घर आणि कुळाची वडिलोपार्जित इस्टेट धाकट्या मुलीकडे, आणि कुळाचे धर्मविधी सांभाळण्याची जबाबदारीही तिच्याचकडे. अशा समाजात फक्त ‘बापा’ची प्रार्थना घेऊन येणारा धर्म थोडा लंगडाच वाटणार. सिंह यांनी प्रार्थनेत देवाला आई आणि बाप दोन्ही म्हटलं. विठोबाला माउली म्हणत वाढलेल्या मराठी माणसाला यात काही विशेष वाटणार नाही, पण 1887 मध्ये इंग्लंड-अमेरिकेतल्या किती चर्चमध्ये हे चाललं असतं? पाश्चात्त्य युनिटेरियनांनी देवाबद्दल ‘तो’ म्हणताना अडखळायला सुरुवात केली ती त्यानंतर कित्येक दशकांनी.

यावरून कोणी म्हणतात की हा खासींचा जुनाच धर्म, त्यावर फक्त ख्रिस्ती पाटी. मला हे पटत नाही. सिंह यांनी बळी आणि शकुन दोन्ही सोडले होते, आत्म्यांची भीती तर त्यांना मुळातच उपटायची होती. रविवारची बैठक, प्रवचन, स्तोत्रसंग्रह या सगळ्या गोष्टी ते मिशनकडून शिकले आणि त्यांनी त्या टाकल्या नाहीत. जुना धर्म जसाच्या तसा जपायचा मार्ग वेगळा होता आणि तो बारा वर्षांनी निघालाही: 1899 च्या नोव्हेंबरात शिलाँगला सेंग खासी ही संस्था स्थापन झाली, जुन्या श्रद्धा, नाच आणि रीतिरिवाज राखण्यासाठी. म्हणजे एकाच पेचावर एकाच पिढीने दोन उत्तरं काढली. सेंग खासीवाल्यांनी चर्च नाकारलं. सिंह यांनी चर्च ठेवलं आणि नरक नाकारला.

डॉल गेल्यानंतर सिंह यांनी दुसरा पत्ता शोधला तो जेबेझ संडरलँड यांचा. हे मिशिगन राज्यातल्या ॲन आर्बरचे युनिटेरियन पाद्री. एक मासिक चालवत, त्यातून त्यांनी या डोंगरातल्या मंडळीची हकीकत अमेरिकन वाचकांना सांगितली. थोडीफार मदत येऊ लागली, छपाईला, शाळेला, इमारतीला. आणि 1895 च्या अखेरीस संडरलँड स्वतः ब्रिटिश युनिटेरियनांच्या वतीने भारताच्या दौऱ्यावर आले.

इथे प्रकरणाला एक मराठी धागा मिळतो. संडरलँड डिसेंबर 1895 च्या पुणे काँग्रेसला हजर होते. सुरेंद्रनाथ बॅनर्जी अध्यक्ष, आणि रानड्यांची सामाजिक परिषद काँग्रेसच्या मंडपात भरवायची की नाही यावरून पुण्यात रण माजलेलं. टिळकपक्षाचा विरोध एवढा तापला की रानड्यांनी परिषद दुसरीकडे हलवली. सुधारणा आणि राजकारण यांचं हे भांडण ऐन भरात असताना पाहुणा पुण्यात उतरला, आणि पुढे 1896 मध्ये खासी डोंगरांत जाऊन आला. जिथे भांडायला मंडपही नव्हता अशा मंडळीला तो भेटला. हिंदुस्थानाबद्दलची संडरलँड यांची ओढ इथून वाढतच गेली. पुढे अमेरिकेत लाला लजपतराय यांच्या सोबतीने त्यांनी होमरूलचं काम केलं, आणि त्यांचं भारताच्या गुलामीवरचं पुस्तक 1929 मध्ये सरकारने जप्त केलं. पण ते वेगळं प्रकरण.

आपल्या दृष्टीने महत्त्वाचं असं की याच दौऱ्यानंतर ब्रिटिश युनिटेरियनांनी ब्राह्मो आणि प्रार्थना समाजाच्या तरुणांना ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात धर्मशिक्षण घेण्यासाठी शिष्यवृत्ती देऊ केली. 1901 मध्ये ती विठ्ठल रामजी शिंदे यांना मिळाली. शिंदे 1903 मध्ये परतले, मुंबई प्रार्थना समाजाचे प्रचारक झाले आणि 1906 मध्ये त्यांनी भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळी काढली. एकाच दौऱ्याच्या दोन टोकांना जोवाई आणि जमखंडीचा हा माणूस येतो, याची नोंद मराठी लेखनात फारशी घेतलेली दिसत नाही.

संडरलँड येऊन गेल्यावर दीड वर्षाच्या आत मंडळीवर घाला आला, तोही जमिनीखालून. 12 जून 1897, शनिवार, संध्याकाळी सव्वापाचच्या सुमाराला. (पुण्यात रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याच्या दहा दिवस आधी.) रिश्टर मापनाने आठच्या पुढचा हा भूकंप जगातल्या मोठ्या भूकंपांत गणला जातो. मिनिटभरात शिलाँगमधली जवळजवळ प्रत्येक दगडी इमारत कोसळली. सरकारी कचेऱ्या, चर्च, बंगले, सगळ्याचे ढीग झाले. भूगर्भशास्त्रज्ञ रिचर्ड ओल्डम यांनी नंतर नोंदवलं की सुटे दगड उडून आपल्या खळग्यांबाहेर पडले होते, म्हणजे जमिनीने ते वर फेकले होते. डोंगरउतार घसरले, रस्ते तुटले, आणि पावसाळा तर नुकताच सुरू झालेला. सोहऱ्याचा पाऊस काय असतो हे सांगायला नको. मृतांचा आकडा साधारण दीड हजार धरला जातो. शिलाँगसारखी मोठी वस्ती थोडी आणि लोक दिवसाउजेडी घराबाहेर, म्हणून तो एवढ्यावर राहिला.

युनिटेरियनांची नुकतीच उभी राहिलेली प्रार्थनाघरंही गेली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. संडरलँड यांनी अमेरिकेत वर्गणी गोळा केली आणि ती घरं पुन्हा उभी राहिली. भूकंपाने एक गोष्ट सगळ्या प्रदेशाला शिकवली: दगडी भिंती नकोत, लाकडी सांगाडा, त्यात बोरूसारख्या गवताची ताटी, वरून लिंपण आणि डोक्यावर हलका पत्रा. ‘आसाम पद्धतीचं घर’ म्हणून ओळखली जाणारी ही रचना त्यानंतर सगळीकडे पसरली. म्हणून या मंडळीचा वारसा पाहायला जाणाऱ्याने बॉस्टनसारख्या ग्रॅनाइटच्या खांबांची अपेक्षा ठेवू नये. एकोणिसाव्या शतकातली वास्तू म्हणून दाखवण्यासारखं इथे फार थोडं आहे. वारसा आहे तो गाण्यांत, 18 सप्टेंबरच्या वर्धापनदिनात, आणि गावोगावच्या शाळांत.

सिंह 13 नोव्हेंबर 1923 रोजी वारले. छत्तीस वर्षं त्यांनी हे काम पोटापाण्याची नोकरी सांभाळून केलं. धर्मोपदेशक म्हणून त्यांना ना पगार होता ना कुठल्या धर्मविद्यालयाची पदवी. त्यांच्याभोवती जमलेली माणसंही अशीच: शेत बघणारी, शाळेत शिकवणारी, रविवारी उपासना चालवणारी. वेल्श चर्चमध्ये माणूस बसायला येत असे आणि बोलायला पाद्री असे. इथे बोलायला आपल्यातलाच कोणीतरी उभा राहिला नाही तर रविवार मोकळा जायचा.

प्रकरणाची कळ माझ्या मते इथे आहे. बाहेरची मदत आली, पण ती तुटक आली आणि लांबून आली. पत्र जायला-यायला महिने लागत. डॉल वारले तेव्हा आणि संडरलँड यांनी 1898 मध्ये ॲन आर्बर सोडलं तेव्हा मंडळीला धक्का बसला असेल, पण ती बंद पडली नाही, कारण रविवारची उपासना त्यांच्यावर अवलंबून नव्हती. उलट उदाहरण शेजारीच आहे. 1889 पासून ब्राह्मो प्रचारक नीलमणी चक्रवर्ती याच खासी डोंगरांत राहून काम करत होते. मनापासून करत होते, शाळा चालवत होते, औषधं देत होते, खासी शिकले होते. देवाबद्दलचा विचार सिंह यांच्या विचाराच्या अगदी जवळचा. तरी ब्राह्मो समाज खासींत तितका रुजला नाही. त्याची मुळं कलकत्त्यात होती, आणि कलकत्ता थकला तसा तोही थकला.

आपल्या प्रार्थना समाजाशी तुलना केल्यावाचून मराठी वाचकाला हे प्रकरण पुरं वाटणार नाही. मुंबईत 1867 ची स्थापना, आत्माराम पांडुरंग, रानडे, भांडारकर यांच्यासारखी माणसं, रविवारची उपासना, तुकोबांचे अभंग. साहित्य सगळं होतं, उलट जोवाईपेक्षा शंभरपट होतं. अभंग तर शेतकऱ्यालाही पाठ. पण समाजाच्या उपासनेला येणारा माणूस घरी जाऊन सत्यनारायण घालायचा, मुलीचं लग्न जातीत लावायचा. उपासना त्याच्या आठवड्यातला एक चांगला तास होती. बारसं, लग्न, मयत या गोष्टी जुन्या भटजीकडेच राहिल्या. शिंद्यांना ही उणीव जन्मभर टोचली. उपासना खेड्यात आणि अस्पृश्य वस्तीत गेली पाहिजे, हा त्यांचा आग्रह समाजातल्या अनेकांना पेलला नाही. आज गिरगावात ‘प्रार्थना समाज’ म्हटलं की बहुतेकांना बसथांबा आठवतो.

खासी युनिटेरियन व्हायचं तर असा मधला मार्ग नव्हता. मिशनच्या चर्चमधून नाव जाई आणि कुळाच्या विधींतही जागा राहत नसे. किंमत आधीच चुकवलेली, म्हणून मंडळी हेच घर. मुलांची नावं, लग्नं, मयतं सगळं तिथेच. आणि दुसऱ्या पिढीला ती जन्मतःच मिळाली. एखादा उदारमतवादी धर्म टिकवायचा तर त्यात जन्मलेली मुलं लागतात. प्रार्थना समाजाला ती फार थोडी मिळाली.

1923 नंतरची दहा-बारा वर्षं संथ गेली. मग मार्गारेट बार आल्या. जन्म 1899, यॉर्कशायरचा, घर मेथडिस्ट, शिक्षण केंब्रिजचं, रॉदरहॅमला युनिटेरियन पाद्री म्हणून काम केलेलं. त्या काळी पाद्रीपणा करणारी बाई इंग्लंडातही विरळाच. गांधीविचाराने त्यांना भारताची ओढ लागली, पण एकट्या बाईला खासी डोंगरांत पाठवायला ब्रिटिश युनिटेरियन संस्था राजी होईना. तेव्हा त्या 1933 मध्ये स्वतःच्या हिमतीवर निघाल्या आणि कलकत्त्याच्या गोखले मेमोरियल गर्ल्स स्कूलमध्ये शिक्षिका झाल्या. आपल्या नामदार गोखल्यांच्या नावाने सरला राय यांनी काढलेली ही शाळा. तिथून 1936 मध्ये त्या शिलाँगला पोचल्या.

बारबाईंनी चर्च वाढवण्याचा खटाटोप फारसा केला नाही. त्यांचा भर शाळांवर होता, आणि शाळेतून कोणाला युनिटेरियन करायचं नाही हे त्यांनी आधीच ठरवलं होतं. शिलाँगमध्ये शाळा चालवून झाल्यावर त्यांना वाटू लागलं की खरी गरज आडगावात आहे. खरांग नावाच्या दूरच्या खेड्यात त्यांनी ग्रामीण केंद्र काढलं. शाळा, प्रसूतीची सोय, प्राथमिक औषधोपचार, शिक्षकांची तयारी. गांधीजींच्या ‘नई तालीम’ची छाया त्या कामावर स्पष्ट दिसते. स्वातंत्र्यानंतर इंग्रज परत गेले, बारबाई खरांगलाच राहिल्या आणि 1973 मध्ये वारल्या. लोक त्यांना काँग बार म्हणत. खासीत काँग म्हणजे थोरली बहीण.

त्यांच्याबद्दल आदर ठेवूनही एक सांगावंसं वाटतं. परदेशात खासी युनिटेरियनांची गोष्ट सांगताना बारबाईंचंच नाव आधी येतं आणि सिंह एका परिच्छेदात उरकले जातात. हे उलटं आहे. त्या आल्या तेव्हा मंडळी जवळजवळ पन्नास वर्षांची होती. बारबाईंनी तिला शाळा दिल्या आणि जगाशी पुन्हा जोडलं, हे उपकार मोठे आहेत. पण त्या आल्या नसत्या तरी जोवाईत रविवारी गाणी झालीच असती.

आजचं चित्र सांगायचं तर मेघालयाची लोकसंख्या 2011 च्या जनगणनेत 29.67 लाख होती आणि तीत ख्रिस्ती सुमारे 75 टक्के. प्रेस्बिटेरियन, म्हणजे त्याच वेल्श मिशनचे वारस, आणि कॅथलिक हे दोन मोठे गट. त्यात दहाएक हजारांची मंडळी म्हणजे समुद्रात थेंब. राज्य सरकारच्या सुट्ट्यांच्या यादीत 18 सप्टेंबर ही तारीख येते, एवढा मान तिने कमावला आहे. पण अडचणीही तिच्या वाढीच्या पद्धतीतूनच आलेल्या आहेत. ज्या स्वयंसेवकी कारभाराने ती शंभर वर्षं तगली, त्याच कारभारामुळे शिकलेले पूर्णवेळ धर्मोपदेशक कमी आहेत आणि एकेकाकडे अनेक गावांची जबाबदारी येते. गावच्या शाळा फी आणि देणग्यांवर चालतात. देणगीदार ब्रिटन-अमेरिकेतल्या मंडळ्यांत आहेत, आणि त्या मंडळ्या स्वतःच म्हाताऱ्या होत चालल्या आहेत. 1995 मध्ये जगभरच्या युनिटेरियनांची आंतरराष्ट्रीय परिषद स्थापन झाली, तिच्यातून ओळखी वाढल्या, तरुण बाहेर जाऊन शिकून आले. पण नोकरीसाठी बंगळुरूसारख्या दूरच्या शहरात गेलेला मुलगा रविवारी कुठे जाणार? तिथे त्याच्या चर्चची शाखा नाही, आणि त्याला खासीतून गायचं असतं.

मंडळीचं एक बोधवाक्य आहे, ‘तो नांगरोई’: पुढे जात राहा. आता प्रश्न मुख्यतः पाद्र्यांच्या शिक्षणाचा आणि शाळांच्या पगाराचा आहे. दोन्ही ठिकाणी बाहेरून पैसा आणायचा की वर्गणी वाढवायची, यावर मंडळीत दोन्ही बाजूंनी बोलणारे लोक आहेत, आणि 1887 चा दाखला दोन्ही बाजू देतात.